पेगन वर्षचक्राचं पहिलं वर्ष: ब्रिटन-आयर्लंडमध्ये राहणाऱ्या नवख्यांसाठी

लंडनमध्ये डिसेंबरच्या अयनदिनाला (सॉल्स्टिस, वर्षातला सगळ्यात लहान दिवस) सूर्य सकाळी ८.०४च्या सुमाराला उगवतो आणि दुपारी ३.५३ला मावळतो. दिवस पुरता आठ तासांचाही भरत नाही. जूनमध्ये तोच दिवस साडेसोळा तासांवर जातो. मुंबईत हा फरक अकरा तास ते सव्वातेरा तास एवढाच असतो. महाराष्ट्रातून शिकायला किंवा नोकरीला आलेल्या माणसाला पहिल्या हिवाळ्यात थंडीपेक्षा हा अंधारच जास्त जड जातो. आधुनिक पेगन, म्हणजे युरोपातल्या ख्रिस्ती धर्माआधीच्या निसर्गपूजक परंपरांपासून प्रेरणा घेणाऱ्या, लोकांचं वर्षचक्र नेमकं याच चढ-उतारावर बेतलेलं आहे: दर सहा-सात आठवड्यांनी एक सण, वर्षाला आठ सण, आणि प्रत्येक सण म्हणजे सूर्य आणि जमीन आता कुठे आहेत याची दखल.

इंग्लंडमधल्या स्टोनहेंज या प्राचीन दगडी वर्तुळाच्या बातम्या पाहून ज्यांना कुतूहल वाटतं, किंवा शेजारी, सहकारी पेगन आहेत म्हणून ज्यांना वर्षभर सोबत करून पाहायचं आहे, त्यांना इथे पहिल्या वर्षाची वाट मिळेल. २०२१च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे ७४ हजार लोकांनी स्वतःचा धर्म 'पेगन' आणि १३ हजारांनी 'विक्का' (पेगनांमधलाच एक पंथ) असा लिहिला. तुमच्या शहरात असा कुणीतरी असण्याची शक्यता चांगलीच आहे.

सुरुवातीलाच दोन गोष्टी नीट समजून घ्या.

पहिली: पेगन हा एक धर्म नाही, ते अनेक वाटांचं मिळून नाव आहे. विक्का, प्राचीन केल्टिक पुरोहितांपासून प्रेरणा घेणारे ड्रुइड, देवी-उपासक, उत्तर युरोपातल्या देवतांना मानणारे हीथन, आणि कुठल्याच गटात नसलेले पुष्कळ. या सगळ्यांचा मिळून एक ग्रंथ नाही, एक धर्मगुरू नाही, धर्मांतराचा विधी नाही. घरचे देव सोडावे लागत नाहीत. हीथन मंडळींपैकी बरेच जण हे आठ सण पाळतही नाहीत, त्यामुळे समोरच्या प्रत्येक पेगनला 'यूलच्या (हिवाळी अयनदिनाच्या सणाच्या) शुभेच्छा' चालतील असं गृहीत धरू नका.

दुसरी: हे चक्र 'हजारो वर्षांची अखंड परंपरा' नाही. चार आयरिश सण (साउइन, इम्बोल्क, बेल्टेन, लूनसा) जुने आहेत, अयनदिनांच्या प्रथाही जुन्या आहेत. पण आठही सण एका माळेत ओवले गेले ते १९५०च्या दशकात. विक्काचे प्रवर्तक जेराल्ड गार्डनर आणि पुढे १९६४मध्ये ड्रुइडांचा स्वतंत्र संघ काढणारे रॉस निकोल्स यांच्या वर्तुळात हे घडलं. ऑस्टारा, लिथा, मॅबन ही सणांची नावं तर १९७०च्या दशकात अमेरिकेत रुजली. जाणकार पेगन हे मोकळेपणाने सांगतात. जो गट याउलट दावा करतो, त्याच्या बाकीच्या दाव्यांकडेही सावधपणे पाहा.

१. तारखा लावून घ्या

आठ सणांचे दोन गट आहेत. चार सूर्याचे: दोन अयनदिन (सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठा दिवस), दोन विषुवदिन (दिवस-रात्र जवळजवळ समान असतात ते). यांच्या तारखा दरवर्षी एखाद्या दिवसाने सरकतात. उरलेले चार मधल्या काळात येतात आणि त्यांच्या तारखा ठरलेल्या आहेत.

- साउइन: ३१ ऑक्टोबरची संध्याकाळ ते १ नोव्हेंबर. स्पेलिंग पाहून लोक 'सॅमहेन' म्हणतात. आयरिश उच्चार 'साउइन'.
- यूल: हिवाळी अयनदिन, २१ किंवा २२ डिसेंबर.
- इम्बोल्क: १ फेब्रुवारी, काही जण २ फेब्रुवारी.
- ऑस्टारा: वसंत विषुवदिन, २० मार्चच्या आसपास.
- बेल्टेन: ३० एप्रिलची रात्र ते १ मे.
- लिथा: उन्हाळी अयनदिन, २० किंवा २१ जून.
- लूनसा किंवा लॅमस: १ ऑगस्ट.
- मॅबन: शरद विषुवदिन, २२ किंवा २३ सप्टेंबर.

साउइन, इम्बोल्क, बेल्टेन आणि लूनसा आदल्या दिवशीच्या सूर्यास्ताला सुरू होतात. सूर्याच्या सणांसाठी त्या वर्षीची खगोलशास्त्रीय वेळ बघून ठेवा. 'कायम २१ तारीख' धरून चालल्याने चुकीच्या पहाटे टेकडीवर जाऊन बसलेले लोक दरवर्षी भेटतात.

सिडनी किंवा ऑकलंडमधून वाचत असाल तर सगळं सहा महिन्यांनी उलटं करा. तिथे यूल जूनमध्ये येतो. तिथले बहुतेक पेगन असंच करतात.

सुरुवात कुठल्या सणापासून करायची? जो पुढे येतोय त्यापासून. अनेक जण साउइनला नवं वर्ष मानतात, म्हणून त्याची वाट पाहत बसतात आणि तोवर उत्साह ओसरतो.

२. साहित्य जमवा, आणि बरंचसं विकत घेऊ नका

लागतं ते एवढंच:

- एक जाड वही आणि पेन्सिल. पावसात पेनाची शाई फुटते.
- होकायंत्र, किंवा फोनमधलं.
- मातीची किंवा चिनी मातीची बशी, एक वाटी, एक पेला.
- चहाच्या बशीत मावतील अशा छोट्या मेणबत्त्या आठ-दहा, आणि काडेपेटी.
- ३० बाय ४० सेंटिमीटरचा सुती कपडा.
- कात्री, सुती दोरा.
- पाण्याची बाटली आणि पावसाळी जॅकेट. ही चैन समजू नका.

दुकानं तुम्हाला आणखी तीन गोष्टी विकू पाहतील. स्फटिक: कुठल्या खाणीतून आले हे दुकानदारालाही सांगता येत नाही, आणि चक्रासाठी त्यांची गरज नाही. पांढऱ्या सेजची जुडी: ती अमेरिकेतल्या मूलनिवासींच्या विधीची वनस्पती, रानातून अती तोडली जाते, धूर हवाच असेल तर कुंडीतली रोझमेरी वाळवा, किंवा घरातली उदबत्ती लावा. तिसरं 'अथामे', म्हणजे विक्कातला काळ्या मुठीचा दुधारी विधीचा सुरा. तो घेतलात तर घरातच ठेवा. ब्रिटनमध्ये तीन इंचांपेक्षा लहान, घडी होणारा साधा खिशातला चाकू सोडला तर सबळ कारणाशिवाय सार्वजनिक जागी पातं बाळगणं गुन्हा आहे. धार्मिक कारणाचा बचाव कायद्यात आहे, पण तो रस्त्यात पोलिसांसमोर मांडत बसण्याची वेळच का यावी? विधीच्या जागेभोवती वर्तुळ आखायला बोट पुरतं.

३. एक जागा निवडा आणि तिथेच जा

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच आहे, आणि बहुतेक जण नेमकी हीच टाळतात. मेणबत्त्या, मंत्र, पोशाख यांच्यात रमणं सोपं असतं. आठवड्यातून एकदा त्याच बाकावर पंधरा मिनिटं फोन न काढता बसणं अवघड. पण ज्या जमिनीचे सण करायचे तिची ओळखच नसेल, तर सणाला नुसती तारीख उरते.

जागा घरापासून दहा मिनिटांच्या आत हवी, नाहीतर नोव्हेंबरमध्ये जाणं बंद पडतं. एक मोठं झाड आणि थोडं पश्चिम क्षितिज दिसलं की झालं. बाग, कालव्याचा काठ, जुनी दफनभूमी, काहीही चालेल. ते जमत नसेल तर घराची पश्चिमेची खिडकी.

वहीत दर वेळी चार ओळी लिहा: तारीख आणि वेळ, सूर्य क्षितिजावर नेमका कशामागे मावळला (चर्च, तिसरी चिमणी, मोबाइलचा टॉवर), काय फुललंय किंवा गळतंय, कोणते पक्षी. एवढंच. भावना लिहायच्या तर वेगळ्या पानावर लिहा, म्हणजे वर्षाच्या शेवटी निरीक्षणं सलग वाचता येतात.

सूर्यास्ताच्या जागेची नोंद सोडू नका. लंडनच्या अक्षांशावर डिसेंबर ते जून या काळात मावळतीचा बिंदू क्षितिजावर सुमारे ८० अंश सरकतो. मुंबईत तो ५० अंशांच्या आसपासच फिरतो. मार्च आणि सप्टेंबरमध्ये तो आठवड्याला ठळक सरकतो, आणि अयनदिनाजवळ जणू थबकतो. त्या चिमणीमागे सूर्य सात-आठ दिवस ओळीने मावळताना तुम्ही पाहिलात की 'सॉल्स्टिस' या शब्दाचा अर्थ, सूर्याचं थांबणं, कुणी समजावून सांगावा लागत नाही.

डिसेंबरमध्ये नवख्यांचा गोंधळ होतो तो असा. सगळ्यात लवकरचा सूर्यास्त अयनदिनाला नसतो. लंडनमध्ये तो १२ डिसेंबरच्या आसपास येतो. सगळ्यात उशिराचा सूर्योदय येतो वर्षाच्या अगदी शेवटी. घड्याळाचा दिवस आणि सूर्याचा दिवस तंतोतंत जुळत नाहीत म्हणून हे घडतं. तुमची नोंद चुकलेली नाही. तसंच विषुवदिनाला दिवस-रात्र काटेकोर समान नसतात. हवेत किरण वाकतात, आणि सूर्योदय सूर्याच्या वरच्या कडेवरून मोजतात, म्हणून दिवस काही मिनिटांनी मोठाच भरतो.

कोणत्या खुणा शोधायच्या: जानेवारी-फेब्रुवारीत स्नोड्रॉप, मार्चमध्ये ब्लॅकथॉर्न, पानांआधी पांढरी फुलं, मेमध्ये हॉथॉर्न, आधी पानं मग फुलं, एप्रिलच्या शेवटी ते मेच्या सुरुवातीला आकाशात किंचाळत फिरणारे स्विफ्ट पक्षी, जे ऑगस्ट उजाडताच निघूनही जातात, ऑगस्टपासून कुंपणांवर ब्लॅकबेरी. तुमच्या गावातला हॉथॉर्न पंधरा दिवस उशिरा फुलला तर तुमचा बेल्टेन उशिरा केलात तरी चालतं. बरेच अनुभवी पेगन तसंच करतात.

४. घरात मांडणी करा

खिडकीची कड किंवा पुस्तकांच्या कपाटाचा एक कप्पा पुरे. विक्कातली रूढ मांडणी अशी: उत्तरेला पृथ्वी (दगड किंवा वाटीत माती), पूर्वेला वायू (पीस किंवा उदबत्ती), दक्षिणेला अग्नी (मेणबत्ती), पश्चिमेला जल (पेला). मध्ये ऋतूची वस्तू: जी निवडलेल्या जागेवरून उचलली ती. आपल्याला पंचमहाभूतं ठाऊक असल्याने पाचवं कुठे असा प्रश्न पडतो. पाचवं 'स्पिरिट', त्याला वेगळी वस्तू ठेवायची सक्ती नाही. ड्रुइड मंडळींची मांडणी वेगळी असते, कधी नुसतं एक रोपटं.

देवघर असेल तर पहिलं वर्ष ही मांडणी वेगळी ठेवा. दोन्हीकडचे उपचार एकमेकांत मिसळले की कशाला काय म्हणायचं हेच कळेनासं होतं, आणि घरातल्या मोठ्यांशी विनाकारण वाद होतात. पुढे एकत्र आणायचं की नाही ते तुम्हीच ठरवाल.

आगीची काळजी: मेणबत्ती कायम बशीत, वर तीस-चाळीस सेंटिमीटर मोकळी जागा, पडद्यापासून लांब. भाड्याच्या घराचा करार वाचा. काही घरमालक मेणबत्त्यांना मनाई करतात. धुराचा अलार्म कापडाने झाकणं हा अत्यंत वाईट उपाय आहे. धूर करू नका, किंवा खिडकी उघडा.

दर सणाला मांडणी रिकामी करून पुसा आणि नवी लावा. सुकलेली पानं बागेत परत टाका. होली, आयव्ही, मिसलटो आणि यू यांची फळं विषारी आहेत. घरात रांगतं मूल किंवा मांजर असेल तर ती आणूच नका.

५. वीस मिनिटांचा साधा विधी शिका

आठही सणांना हाच सांगाडा वापरा.

पाय जमिनीवर टेकवून तीन-चार सावकाश श्वास. मग चार दिशांकडे एकेकदा वळून एक वाक्य, जसं: 'पश्चिमे, पाण्याच्या दिशे, तुझं स्वागत.' मग आज कोणता दिवस आहे आणि बाहेर काय दिसलं ते मोठ्याने सांगा. इथे वही उघडायची. मग त्या सणाचं काम (पुढची पायरी). मग पावाचा तुकडा आणि घोटभर काही प्यायला. शेवटी दिशांचे उलट क्रमाने आभार आणि मेणबत्ती विझवणं. खाणं वगळू नका. विधीनंतर डोकं हलकं, सैरभैर वाटतं ते खाल्ल्याने जागेवर येतं.

मराठीत बोला. इंग्रजी पुस्तकातली यमकं वाचून दाखवण्यापेक्षा साधं 'आज फार अंधार आहे, आणि आम्ही जागे आहोत' हे जास्त खरं उतरतं.

देवतांच्या बाबतीत घाई करू नका. ब्रिजिद, केर्नुनोस, हेकाटे ही नावं नुसती ऐकून हाका मारण्याआधी त्यांच्याबद्दल वाचा. पहिल्या वर्षी जमिनीला, झाडाला, सूर्याला उद्देशून बोललात तरी विधी पूर्ण होतो.

नैवेद्य म्हणून बाहेर दूध-पाव ठेवू नका: हेजहॉगला दूध पचत नाही आणि पावावर उंदीर येतात. मीठ टाकलं तर झाड मरतं. साधं पाणी झाडाच्या मुळाशी ओता.

६. आठ सण, प्रत्येकी एक काम

साउइन. पूर्वजांची रात्र. टेबलावर गेलेल्या माणसाचा फोटो, एक जास्तीचं ताट, आणि पूर्ण जेवण शांततेत, एक शब्दही न बोलता. इकडे याला मूक भोजन म्हणतात. त्यांच्या आवडीचा पदार्थ करा. पितृपक्षात हे आपण करतोच, म्हणून हा सण मराठी माणसाला सगळ्यात लवकर आपला वाटतो. फरक असा की इथे तर्पण नाही, भटजी नाहीत, तिथी नाही. जेवणानंतर त्यांच्याबद्दल एक-एक आठवण सांगून मेणबत्ती विझवतात. आयर्लंड-स्कॉटलंडमध्ये जुना दिवा भोपळ्याचा नव्हे, टर्निपचा असे. कोरायला भोपळ्यापेक्षा फार कठीण, म्हणून बोथट चमचा वापरा आणि तासभर हाताशी ठेवा. घरात नुकताच मृत्यू झाला असेल तर या वर्षी नुसता दिवा लावा.

यूल. सूर्यास्ताला घरातले सगळे दिवे आणि पडदे बंद करून एक मेणबत्ती लावा आणि तासभर तशाच उजेडात बसा. दुसऱ्या दिवशी सूर्योदयाला आपल्या जागेवर जा. यूलचा ओंडका हवा असेल तर ३० सेंटिमीटरचं वाळलेलं लाकूड घेऊन त्यात ४० मिलिमीटर रुंद, १५ मिलिमीटर खोल अशी तीन भोकं पाडा. त्यात पत्र्याच्या वाटीतल्या मेणबत्त्या बसतात. ओलं लाकूड घेतलंत तर सुकताना तडकतं.

या दिवशी तिळगूळ करायला काहीच हरकत नाही. सूर्याचं खरं उत्तरायण २१-२२ डिसेंबरलाच सुरू होतं. आपलं पंचांग ताऱ्यांच्या राशींवर चालतं आणि पृथ्वीचा आस सावकाश डोलतो, म्हणून मकर संक्रांत साधारण सत्तर वर्षांत एक दिवस या गतीने पुढे सरकत १४ जानेवारीपर्यंत आली आहे.

इम्बोल्क. मेंढ्यांना दूध उतरण्याचे दिवस, आणि ब्रिजिदचा सण. ती देवीही आहे आणि किल्डेअरची ख्रिस्ती संतही. आयर्लंडमध्ये २०२३पासून तिच्या नावाने सार्वजनिक सुट्टी आहे. काम एकच: ब्रिजिदचा क्रॉस विणणं. लव्हाळ्यासारखं दिसणारं 'रश' गवत लागतं, ३० ते ४० सेंटिमीटर लांब, २८ काड्या. ओलसर कुरणात मिळतं. जमीनमालकाला विचारा आणि कात्रीने कापा, कारण परवानगीशिवाय रानवनस्पती मुळासकट उपटणं ब्रिटनमध्ये बेकायदा आहे. नाही मिळालं तर गव्हाचं काड दोन तास पाण्यात भिजवून घ्या.

- एक काडी उभी धरा.
- दुसरी मधोमध दुमडून पहिलीच्या मध्यावर अडकवा. दोन्ही टोकं उजवीकडे.
- मध्य चिमटीत घट्ट धरून सगळं घड्याळाच्या उलट दिशेने पाव वळसा फिरवा. उजवीकडची टोकं आता वर आली.
- तिसरी काडी वरच्या सगळ्या पदरांभोवती दुमडा; टोकं पुन्हा उजवीकडे. मध्याशी घट्ट ओढा.
- पुन्हा पाव वळसा, पुन्हा एक काडी. काड्या संपेपर्यंत.
- चारही हातांची टोकं बांधा आणि समान कापा.

बिघडतं कुठे? चिमटी सुटली की मध्य सैल होतो आणि चौकोन पडत नाही. अशा वेळी दुरुस्ती न करता शेवटच्या तीन-चार काड्या उसवून पुन्हा घाला. मध्येच फिरवण्याची दिशा बदलली तर एक हात जाड, एक बारीक होतो. आणि गवत सुकताना आक्रसतं, त्यामुळे लगेच दोऱ्याने बांधलेली गाठ आठवड्यात ढिली पडते. आधी रबरबँड लावा, दहा दिवसांनी दोरा. क्रॉस दारावर किंवा स्वयंपाकघरात टांगतात, आणि पुढच्या वर्षी नवा आला की जुना जमिनीत पुरतात किंवा जाळतात.

ऑस्टारा. खिडकीत बी पेरा. मेथी आठवडाभरात उगवते. मिरचीला २० अंशांपेक्षा जास्त ऊब लागते, थंड खिडकीत ती रुसून बसते. ससा आणि अंडी या 'प्राचीन देवी'च्या खुणा आहेत असं ऐकाल. एओस्त्रे या देवीबद्दल बीड या इंग्लिश साधूने इसवी सन ७२५मध्ये लिहिलेल्या त्रोटक उल्लेखापलीकडे जुना पुरावा जवळजवळ नाही.

बेल्टेन. उन्हाळ्याच्या तोंडावरची आग. बागेत शेकोटी पेटवण्याआधी नगरपालिकेचे नियम बघा. सार्वजनिक उद्यानात ती बहुतेक ठिकाणी चालत नाही. फ्लॅटमध्ये दोन मेणबत्त्यांमधून चालत जाणं पुरेसं आहे. शेकोटीवरून उडी मारणार असाल तर ओढणी, साडी आणि नायलॉनचे कपडे घरी ठेवा. हॉथॉर्नची फुलं घरात आणू नयेत असा इथला जुना समज आहे, आणि त्यांचा वास खरोखर कुजकट असतो. ती दाराबाहेर लावा. १ मेला ती फुललेली नसतील तर १७५२च्या पंचांगबदलाची आठवण ठेवा: तेव्हा ११ दिवस गाळले गेले, म्हणजे जुना १ मे आताच्या मेच्या मध्याकडे येतो.

लिथा. एल्डरफुलांचं सरबत. २० फुलोरे, दीड लिटर पाणी, १ किलो साखर, २ लिंबं, ५० ग्रॅम सायट्रिक ॲसिड. कोरड्या, उन्हाच्या सकाळी तोडा. पावसानंतर पराग धुऊन जातो आणि सरबत पाणचट लागतं. फुलं धुऊ नका, किडे झटका. हिरवे देठ कापून टाका, त्यांत विषारी द्रव्य असतं. साखर-पाणी उकळून कोमट झालं की फुलं, लिंबाची साल आणि रस, ॲसिड घाला; झाकून २४ तास ठेवा; मलमलीतून गाळून उकळत्या पाण्याने धुतलेल्या बाटलीत भरा. फ्रिजमध्ये महिनाभर टिकतं. एल्डर हे लाकडी खोडाचं झुडूप आहे, एका देठावर पाच ते सात पानं. जमिनीतून उगवलेली, कोथिंबिरीसारख्या कातरलेल्या पानांची पांढरी छत्री म्हणजे एल्डर नव्हे. ती हेमलॉक असू शकते आणि हेमलॉक जीव घेतं. खात्री नसेल तर तोडू नका. तोडण्याआधी झाडाची परवानगी मागायची जुनी रीत आहे, ती पाळा.

लूनसा. पहिल्या धान्याचा सण. लॅमस हे इंग्रजी नावच 'पावाची प्रार्थना' या अर्थाचं. ५०० ग्रॅम ब्रेडचं पीठ, ७ ग्रॅम यीस्ट, ९ ग्रॅम मीठ, ३०० मिलिलिटर कोमट पाणी. दहा मिनिटं मळा, दीड तास फुगू द्या, आकार देऊन आणखी ४० मिनिटं, मग २२० अंशांवर अर्धा तास. तळाला टिचकी मारल्यावर पोकळ वाजला की झाला. नुसत्या चपातीच्या कणकेचा पाव बसका होतो, निम्मी-निम्मी घ्या. पहिला तुकडा झाडाशी ठेवायचा मोह टाळा, दुसऱ्या माणसाला द्या.

मॅबन. सफरचंदं, ब्लॅकबेरी, घराची साफसफाई. कामाचा सण, फार विधी लागत नाही.

७. सार्वजनिक ठिकाणी जाताना

स्टोनहेंजला २०००पासून अयनदिनांना दगडांपर्यंत मोफत प्रवेश मिळतो. व्यवस्था प्राचीन वास्तू सांभाळणाऱ्या इंग्लिश हेरिटेज या संस्थेची. त्या वर्षीच्या वेळा आणि अटी त्यांच्याकडून आधीच बघून घ्या. गाडी लावायचे पैसे पडतात. सॉल्झबरीहून बस सोयीची. दारू, काचेच्या वस्तू, लाउडस्पीकर, तंबू, पेटत्या मशाली, दगडांवर चढणं, सगळ्याला मनाई. जूनमध्ये रात्रभर थांबता येतं, सूर्योदय पहाटे पाचच्या जरा आधी. उघड्या माळावर तेव्हाही हुडहुडी भरते, स्वेटर हवाच. डिसेंबरमध्ये फक्त सकाळचे काही तास उघडतात, आणि गर्दी बरीच कमी असते. पहिल्यांदा जाणार असाल तर डिसेंबर निवडा.

आयर्लंडमध्ये न्यूग्रेंज, इसवी सनपूर्व ३२००च्या सुमाराचं दगडी थडगं. हिवाळी अयनदिनाच्या सकाळी सूर्यकिरण दारावरच्या झरोक्यातून १९ मीटर आत जातो आणि साधारण १७ मिनिटं राहतो. आत जायला सोडत असते. नंबर लागला तरी ढग आले तर काहीच दिसत नाही. एडिनबराला कॅल्टन टेकडीवर १९८८पासून बेल्टेनचा अग्निउत्सव होतो. तो तिकिटाचा, आणि विधीपेक्षा सादरीकरण जास्त.

कुठल्याही प्राचीन जागी मेणबत्ती लावू नका. दगडावरचं मेण आणि काजळी निघत नाही, उष्णतेने दगड तडकतो. पवित्र झऱ्यांजवळच्या झाडांना चिंध्या बांधायची प्रथा दिसेल. नायलॉनची फीत फांदी वाढताना तिला आवळून मारते. बांधायचंच तर सैल सुती दोरा, नाहीतर फक्त हात लावून या.

८. माणसं शोधा

बहुतेक शहरांत महिन्यातून एकदा 'मूट' भरतो, म्हणजे पबमधली अनौपचारिक बैठक. दारू घ्यावीच असं नाही. सरबत घेऊन बसलात तरी कुणी विचारत नाही. १९७१मध्ये स्थापन झालेल्या पेगन फेडरेशनकडून तुमच्या भागातले मूट आणि खुले विधी कळतात. खुल्या विधीला वेळेआधी पोचा, काय आणायचं ते विचारा (बहुधा वाटून खायचा पदार्थ, त्यात दाणे, तूप, मैदा काय आहे ते चिठ्ठीवर लिहा), वर्तुळाच्या मधून चालत बाहेर पडू नका, आणि विचारल्याशिवाय फोटो अजिबात काढू नका. अनेकांनी नोकरीच्या ठिकाणी आपण पेगन असल्याचं सांगितलेलं नसतं.

बंद गट, म्हणजे कोव्हन, घाईने घेत नाहीत. 'एक वर्ष आणि एक दिवस' शिकून मग दीक्षा अशी रीत आहे. पत्राद्वारे किंवा ऑनलाइन चालणाऱ्या ड्रुइड अभ्यासक्रमांना शुल्क असतं, ते रास्त आहे. पण विक्काच्या परंपरेत दीक्षेचे पैसे घेत नाहीत. दीक्षेसाठी रक्कम मागणं, पहिल्याच भेटीत कपडे उतरवायचा आग्रह, शरीरसंबंध 'शिक्षणाचा भाग' असल्याचं सांगणं, घरच्यांपासून किंवा जुन्या मित्रांपासून तोडणं, प्रश्न विचारल्यावर चिडणं: यातलं एक जरी दिसलं तरी निघा, आणि मूटमधल्या जुन्या माणसाला सांगा. पहिल्या भेटीआधी विचारायचे प्रश्न तीन: नेमकं काय होणार, कोण कोण असणार, आणि मधेच निघायचं झालं तर कसं निघायचं. चांगला गट तिन्हींची उत्तरं लगेच देतो, आणि तिसऱ्याचं तर तुम्ही विचारायच्या आधीच.